आधी मालक, मग मिस्तरी

तायडे मास्तरांनी वर्गातल्या एकाही पोराला कधी नावाने हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून सगळे ‘मिस्तरी’. ज्याला पक्कड कशी धरायची ते ठाऊक नाही तोही मिस्तरी, आणि ज्याने घरातला बल्बसुद्धा कधी बदललेला नाही तोही मिस्तरी.

“या मिस्तरी. उशीर झाला मिस्तरी, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं ना.”

पोरं एकमेकांकडे बघून खिदळायची. मास्तर आपली चेष्टा करतोय असंच त्यांना वाटायचं. गावात त्यांना पडणाऱ्या हाका वेगळ्या होत्या. रिकामटेकडा, पत्तेबाज, भुईला भार. बापाने ठेवलेलं नाव कुणाचंच वापरात नव्हतं. अशा पोरांना दिवसातून वीस वेळा कुणी ‘मिस्तरी’ म्हणू लागलं की पहिला आठवडा हसू येतं, दुसऱ्या आठवड्यात सवय होते, आणि तिसऱ्या आठवड्यात पोरगा घरून निघताना शर्ट झटकून घालतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. जळगावात शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या, घरी बसून असलेल्या पोरांसाठी एक प्रशिक्षण केंद्र निघालं होतं. सुतारकाम, शिवणकाम आणि विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेने नव्याने भरायचा, म्हणजे रिवाइंडिंगचा वर्ग. मी तिथे भांडारपाल होतो. बी.ए. झालेला, आमच्या घराण्यातला पहिला. माझी आई जवळच्या असोद्याला लोकांच्या केळीत तण निंदायला जायची, आणि मी पदवीचा फोटो काढून भिंतीला लावला होता. ही गोष्ट मी तेव्हा चहावाल्यालाही सांगायचो, आजही सांगतो. मास्तर मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणत. “ग्रॅज्युएट, दोन पक्कडी द्या.” त्यात टिंगल नव्हती. केंद्राच्या साहेबांकडे कुणी आलं की ते मुद्दाम मोठ्याने मला तशी हाक मारत, म्हणजे पाहुण्यालाही कळावं.

मास्तर धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूचे. भुसावळला रेल्वेत बरीच वर्षं काढून इकडे आले होते. बोलणं अहिराणी, ऑफिसात शिरताना ते शुद्ध मराठी अंगावर घेत आणि बाहेर पडताना काढून ठेवत. अंगात पांढरा टेरिकॉटचा शर्ट, इस्त्री अशी की बाहीच्या कडेने भाजी चिरावी. खिशात पेन आणि शेजारी टेस्टर. दिवसभर काजळी, व्हार्निश, ग्रीसमध्ये वावरून संध्याकाळी हा माणूस तसाच पांढरा घरी जायचा. याचा त्यांना भारी गर्व. नम्रता त्यांच्या गावावरून गेली नव्हती. “मनासारखा मास्तर बठ्ठा खान्देशमां नही,” म्हणजे अख्ख्या खान्देशात नाही, असं ते साहेबांच्या तोंडावर म्हणत. साहेब म्हणत, “असेल हो, पण हजेरी वेळेवर पाठवत जा.”

त्यांची शिकवायची रीत पाहून मला आधी वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. पहिला दीड महिना तांब्याच्या तारेला हात लावू द्यायचे नाहीत. फळीवर खिळे ठोकलेले, आणि प्रत्येकाच्या हातात सुताचा गुंडा. खिळ्यांभोवती वेढे घालायचे आणि मोठ्याने मोजायचे. मधे कुणी बोललं, हसलं, खोकलं की सगळं सोडून पुन्हा एकपासून. वीस-बावीस वर्षांचे बाप्ये ओळीने बसून सूत गुंडाळतायत हे बघायला शिवणवर्गाच्या पोरी खिडकीशी जमायच्या.

“मास्तर, आम्ही काय वाती वळायले आलो का?” एकाने विचारलं.

“वाती वळता येतीस का तुले? मग वळी दाखाड. एक तरी सारखी व्हस का दखू.”

पोरगं पुन्हा सूत गुंडाळू लागलं. सारखी होत नाही हे त्यालाही माहीत होतं. ज्याने दहा वर्षांत कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत नेली नाही त्याला मोजत बसायची सवय लावणं, हा अर्धा कोर्स होता. हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

उरलेला अर्धा कोर्स म्हणजे शिव्या खाणं. दर शनिवारी मास्तर शेतकरी व्हायचे. कुणाची तरी टोपी डोक्यावर घालायची, दारातून पाय आपटत आत यायचं आणि समोर बसलेल्या पोराच्या अंगावर जायचं. “काय रे, काल भरेल मोटार आज जळनी! चोर शेतस तुम्ही बठ्ठा! मना ऊस वाळी ग्या!” पोरगं उलट बोललं की नापास. दात काढले तरी नापास. नियम एकच होता. गिऱ्हाईक तापलं की हातातलं हत्यार खाली ठेवायचं, त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि त्याचं संपेपर्यंत ऐकायचं. मग विचारायचं, “मालक, मोटार बंद पडली तेव्हा आवाज कसा आला?” ज्या पोरांनी आयुष्यभर रागवणाऱ्या माणसाकडे पाठच फिरवली होती, त्यांना हे तांब्याच्या तारेपेक्षा अवघड गेलं.

या पोरांत आमच्या असोद्याचा सुखदेव होता. बौद्धवाड्यात आमच्यापासून दोन घरं सोडून त्याचं घर. दहावीला दोनदा आपटला आणि मग एस.टी.च्या थांब्यावर बसू लागला. सकाळची गाडी येताना तिथे, रात्रीची जाताना तिथे. गाडीत चढायचा मात्र कधी नाही. त्याची आई माझ्या आईबरोबर निंदायला असे. ती एकदा मला म्हणाली, “भाऊ, तू शिकला, साहेब झाला. याले कुठं तरी चिकटव. तो कोनाशी बोलतही नाही आता.” मी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून केंद्रावर आणलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला, “मी दोन दिवस येईन, मायसाठी.”

मास्तरांनी त्याला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, “या मिस्तरी. हात दाखवा.” हात पालथे-सुलथे करून पाहिले. “चांगले शेतस. वापरेल नहीत, एवढंच.”

दोन दिवसांचे दोन महिने झाले. हिवाळ्यात तर तो वर्गाचा पुढारीच झाला, आणि त्या पुढारीपणात त्याने जो घोटाळा केला तो केंद्रात बरीच वर्षं सांगितला जायचा. जळालेल्या मोटारीतली जुनी तार मोकळी करायला पोरं ती मागच्या मैदानात जाळ करून भाजायची. सुखदेवने असोद्याची भरताची वांगी पिशवीभर आणली आणि फुकटचा विस्तव कशाला दवडायचा म्हणून त्याच जाळात भाजली. भरीत झालं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं साग्रसंगीत. पहिल्या घासालाच सगळ्यांची तोंडं वाकडी. तारेवरच्या, वीज अडवणाऱ्या व्हार्निशचा असा वास की डोळ्यांत पाणी. पोरांनी घास थुंकले. मास्तरांनी मात्र मांडी न मोडता ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर आपल्या वाट्याचं सगळं भरीत संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, “मना पोटले आते शॉक लागाव नही.”

रात्री त्यांचं पोट बिघडलं म्हणे. पण सुखदेवला ते कधीच बोलले नाहीत.

हे सगळं मजेत चाललं होतं आणि दुसरीकडे वर्ग बंद पडायच्या वाटेवर होता. होळीनंतर साहेबांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, “तायडे, वरून विचारणा झालीय. दोन वर्षांत तुमच्या वर्गातलं एकही पोरगं धंद्याला लागलेलं नाही. या मे अखेरपर्यंत काही दिसलं नाही तर जूनमध्ये नवीन प्रवेश नाहीत.”

मास्तर बाहेर आले आणि सरळ वर्गात गेले. अडचण त्यांनाही माहीत होती. पोरांना काम येत होतं, पण त्यांच्या हाती मोटार द्यायला कुणी तयार नव्हतं. भंगारातल्या मोटारी भरायच्या, फिरवून बघायच्या आणि पुन्हा सगळी तार सोडवायची. मास्तर सुट्टीच्या दिवशी सायकल काढून गावोगाव जायचे, विहिरींवर जाऊन म्हणायचे, “मोटार जळनी तर आमनाकडे द्या.” लोक हसून चहा पाजायचे. “मास्तर, तुमचं ठीक आहे. पण ती आमच्याच गावची पोरं ना? आम्हाला माहीत नाहीत का?”

मे महिना लागला. जळगावचा मे म्हणजे डांबर चपलेला चिकटतं. आणि एके दिवशी असोद्याच्या शिवारात डी.पी.वर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, काहीतरी बिघाड होऊन विजेचा दाब असा चढला की त्या लाइनीवरच्या एकामागून एक मोटारी जळाल्या. शेतकऱ्यांनी मोटारी बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये घालून जळगाव गाठलं. दुकानांपुढे मोटारींचे ढीग. कारागीर म्हणाले, “आठ दिवसांनी या.” केळी आठ दिवस कुठली थांबते? बाग निसवलेली, घड लोंबतायत, आणि वरून असं ऊन.

त्यात नामदेव आबांची बाग होती. आबा गावातले मोठे शेतकरी, तोंडाने तिखट. मास्तर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मी बरोबर होतो, आमच्याच गावचा म्हणून.

“आबा, मोटार आमच्या वर्गात द्या. परवा सकाळी विहिरीवर बसवून देतो.”

“कोन भरीन?”

“सुखदेव मिस्तरी.”

आबांनी एकदम माझ्याकडे बघितलं. “ह्यो थांब्यावरचा सुखदेव? मास्तर, माझी बाग काय तुमची प्रयोगशाळा हाये का?”

मास्तर उभे राहिले. शर्टाची बाही सरळ केली. “मोटार चालली नाही तर मी तुमच्या बागेत निंदायला येतो. याच कपड्यात. गावाला बघायला बोलवा.”

आबांनी त्या इस्त्रीकडे बराच वेळ बघितलं. त्यांना दुसरा इलाज नव्हता हेही खरंच. “न्या,” ते म्हणाले.

सुखदेवने ती मोटार भरली तेव्हा मी सामान द्यायला होतो, एवढाच माझा हातभार. जुनी तार काढली, खाचा घासून साफ केल्या, त्यांत कागदाचं अस्तर बसवलं आणि वेढे घालायला बसला. मोठ्याने मोजत. बाकीची पोरं भोवती बसली होती, पण कुणी खोकलंदेखील नाही. मास्तर दाराशी खुर्ची टाकून बाहेर तोंड करून बसले होते. आत वळून बघितलं नाही. मधे एकदा सुखदेवने हाक मारली, “मास्तर, हे एकदा बघता का?” तर मास्तर म्हणाले, “मी आते गिऱ्हाईक शे. मले काय समजस?”

ठरल्या सकाळी मोटार आणि तिच्यामागे अख्खा वर्ग विहिरीवर पोचला. बातमी गावभर झालेली. बांधावर माणसं, त्यांत थांब्यावरची सुखदेवची जुनी मंडळी पुढे. त्याची आई आणि माझी आई त्या दिवशी त्याच बागेत कामाला होत्या. त्या केळीच्या सावलीतून बघत होत्या. सुखदेवने मोटार बसवली, तारा जोडल्या, पंपात पाणी भरलं आणि स्टार्टर दाबला.

मोटार गुरगुरली, फिरली. लोकांनी पाइपाच्या तोंडाकडे माना केल्या. पाइपातून दोन गुळण्या पाणी आलं आणि नुसती हवा फुसफुसू लागली.

बांधावर हशा पिकला. “सुख्या, गाडी आली रे, चल थांब्यावर!”

आबांचा चेहरा लाल झाला. “मास्तर, खुरपं आनू का?” आणि मग ते सुखदेवकडे वळले. काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या बापाचं नाव निघालं, जातीकडे बोट दाखवून झालं, आणि शेवटी म्हणाले, “माझी बाग गेली तर तुले उभा पुरीन.”

मी मास्तरांकडे बघितलं. ते मोटारीपासून दहा हात लांब, हात मागे बांधून उभे. चेहऱ्यावर काही नाही. हा माणूस पुढे का होत नाही?

सुखदेवने हातातली पक्कड खाली ठेवली. आबांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्यांचं पूर्ण संपेपर्यंत. बांधावरचं हसणंही हळूहळू विरलं, कारण हे काय चाललंय ते कुणाला कळेना. मग तो शांतपणे म्हणाला, “आबा, मोटार फिरतेय ना? आवाज बरोबर आहे ना?”

“फिरून काय तिची पूजा करू?”

सुखदेव खाली बसला. त्याने पुन्हा क्षणभर मोटार चालू केली, पंपाच्या अंगावरचा, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बघितला, मोटारीच्या मागच्या पंख्याचं फिरणं बघितलं आणि कपाळावर हात मारला. मोटार उलटी फिरत होती. तीन तारांपैकी दोन इकडच्या तिकडे लागल्या होत्या. सूत गुंडाळताना, शिव्या खाताना, सगळीकडे पक्का झालेला हा गडी घाईत दिशा बघायला विसरला होता. त्याने वीज बंद केली, दोन तारांची अदलाबदल केली, पंप पुन्हा भरला आणि स्टार्टर दाबला.

पाइप आधी थरथरला. मग असा लोंढा आला की समोर उभा असलेला एकजण भिजून मागे कोसळला.

“पानी उनं!” मास्तर ओरडले. तोपर्यंत पुतळ्यासारखा असलेला माणूस लहान पोरासारखा ओरडला. “पानी उनं रे भो! पानी उनं!”

वर्गातल्या पोरांनी सुखदेवला उचललं. आबा पळत पाटाशी गेले आणि पाणी केळीकडे वळतंय ते बघत राहिले. ते परत आले तेव्हा मास्तर पाइपाशी उभे होते.

“आबा, आमची एक पद्धत आहे,” मास्तर ऑफिसातल्या मराठीत म्हणाले. “आधी मालक पाणी पितो. मग मिस्तरी. मग मी. याच धारेचं.”

ही पद्धत त्यांनी त्या क्षणी काढली असावी. वर्गात ती कधी ऐकली नव्हती. आणि आबांना, मला, बांधावरच्या सगळ्यांना तिचा अर्थ कळला. याच विहिरीवर माझी आजी घागर लांब ठेवून बसायची. कुणी वरून ओतलं तर पाणी, नाही तर दुपार तशीच. मास्तर आमच्याच समाजातले. त्यांच्या गावच्या विहिरीची गोष्ट वेगळी नसणार.

आबांनी टोपी काढली. ओंजळ धरली, प्यायले, तोंडावरून हात फिरवला. मग बाजूला सरकले आणि पाइपाकडे हात करून म्हणाले, “घ्या मिस्तरी.”

गावातल्या माणसाच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा आला. केळीच्या सावलीतून माझ्या आईने डोळ्याला पदर लावला. सुखदेवची आई मात्र सरळ उभी राहून बघत होती. तिला ते पुरेपूर बघायचं होतं.

वाटेत मी मास्तरांना विचारलं, “तुम्हाला दिसलं नव्हतं का, उलटी फिरतेय ते?”

“सुरू व्हताच दिसनं.”

“मग बोलला का नाहीत? वर्ग बंद पडला असता.”

“मी बोलतू तर मोटार मी सुरू करी, असं व्हतं. मंग आबा मलेच मिस्तरी म्हनतात. मी तर मिस्तरी शेच.”

त्याच संध्याकाळी केंद्राच्या फाटकाशी पहिली बैलगाडी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी फाटकापासून रस्त्यापर्यंत मोटारीच मोटारी. पोरांनी तो मे महिना जेवण विसरून काम केलं. साहेब स्वतः बाहेर येऊन बघून गेले आणि जूनच्या प्रवेशाबद्दल कुणी काही विचारायची गरज राहिली नाही. जूनला अर्ज इतके आले की माझ्या भांडारात बाकं टाकावी लागली. फैजपूरकडची एक मुलगी, नवऱ्याने टाकलेली, शिवणवर्ग सोडून मास्तरांच्या वर्गात येऊन बसली. तिचा भाऊ भांडायला आला, तर मास्तरांनी त्यालाच समोर बसवून शनिवारचा शेतकरी केला. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मालक, आवाज कसा आला होता?” पुढे फैजपूरला तिचं दुकान निघालं. कुणी पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, कुणी धुळ्याला. सगळेच मार्गी लागले असं मी म्हणणार नाही. दोघे-तिघे पुन्हा आपल्या थांब्यांवर गेले. पण जे गेले नाहीत त्यांची घरं मी पाहिलीत. ज्यांना असल्या वर्गांवरचा खर्च वाया गेलेला वाटतो त्यांनी माझ्याबरोबर एकदा असोद्याला यावं. माझी पदवी भिंतीवर आहे, सुखदेवचं दुकान रस्त्यावर आहे, आणि मला दोन्हींचा सारखाच अभिमान आहे.

मास्तर निवृत्त होऊन साक्रीकडे गावी गेले. नव्वदच्या दशकात एकदा त्यांचं कार्ड आलं, ‘मोटार जळाली आहे. मिस्तरींना सवड असल्यास पाठवावे.’ मी आणि सुखदेव गेलो. सुखदेव आता स्वतःच्या मोटारसायकलवर होता, पोट सुटलेलं, शर्ट पांढरा. मास्तरांच्या वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा, लहानशी विहीर, काठाशी चार ओळी मिरची. त्यांचे हात थरथरायला लागले होते. तरी शर्टाची इस्त्री तशीच, पेन आणि टेस्टर खिशात. ते दहा हात लांब उभे राहिले, हात मागे बांधून.

सुखदेवने दोन दिवस तिथेच राहून मोटार भरली. बसवली. स्टार्टर दाबण्याआधी त्याने बाण बघितला, मास्तरांकडे बघितलं आणि दोघेही हसले. धार सुटली.

मास्तर सवयीने बाजूला झाले.

“मास्तर,” सुखदेव म्हणाला, “आधी मालक.”

मास्तरांना क्षणभर कळलंच नाही. मग ते पुढे आले, ओंजळ धरली. हात थरथरत होते, निम्मं पाणी मनगटावरून बाहीत, बाहीतून शर्टाच्या इस्त्रीवर ओघळत गेलं. त्यांनी ते पुसलं नाही. पोटभर प्यायले. सुखदेव प्याला. मी पुढे व्हायला लागलो तर मास्तरांनी हाताने अडवलं.

“थांबा ग्रॅज्युएट. मालक म्हनीसन पिनू. आते मास्तर म्हनीसन.”

आणि ते पुन्हा वाकले.